लॉट चौदा, नग सहा

वाळूजच्या आमच्या शेडमधून गेलेला माल परत येत नाही.
आलाच तर तक्रार होऊन येतो,
टेम्पोच्या कोपऱ्यात, लाल चिठ्ठी लावून, तोंड लपवत.

ही पिन तक्रार नव्हती.
ही वर जाऊन आली होती. तीनदा.
रॉकेट आपल्या पायांवर परत उतरतं,
त्यातल्या एका पायाच्या बिजागरीची.
सोबत दोन ओळी : वीस उड्डाणं धरली होती.
तीन झाली. तपासून कळवा.

अंबादास हिवराळेनं टोपी काढून डोकं खाजवलं.
"माझ्याच लेथवरची हाय, म्याडम.
एवढ्या वर जाऊन आली
अन् नंबर बी पुसला नाही."

पिन धुतली. लाल रंग लावला, मुरू दिला, पुसला.
वर पांढरी पावडर.
मग दहा मिनिटं थांबायचं.
या दहा मिनिटांत आमच्याकडे कुणी बोलत नाही,
चहावाला पोरगासुद्धा किटली खाली ठेवून उभा राहतो.

पावडरीतून एक रेघ उगवली.
पापणीच्या केसाएवढी. लाल.

अब्बा पैठणला कल्हई करायचे.
भांडं आलं की आधी बोटाच्या पेरानं वाजवायचे,
कान लावून ऐकायचे, मगच भाता.
"मालकीण सांगते एकदाच पडलं म्हणून.
पातेलं खरं सांगतं."
काही पातेली ते तशीच परत द्यायचे,
त्या दिवसाचे चार रुपये सोडून.
कल्हईनं काळेपण जातं, तडा जात नाही.

फळ्यावर मी पाच वेळा 'का' लिहिलं.
तडा का? पोलाद ठिसूळ.
ठिसूळ का? भट्टीत जास्त तापलं.
जास्त का? ताप मोजणारी तार तीस अंश कमी सांगत होती.
कमी का? तिच्या तपासणीची तारीख उलटून अकरा दिवस झालेले.

मग लॉट पुढे गेलाच कसा?

पाचवा 'का' खडूसकट माझ्याकडे वळला.
फाईल उघडली. सत्तावीस मे.
दिवसभर वीज येत-जात होती,
गेटवर गाडी हॉर्न वाजवत होती,
आणि खाली निळ्या शाईत, घाईतला 'श',
शमशाद कलईगर.

मुळे सर म्हणाले, माणसाचं नाव लिहायचं नसतं,
प्रक्रियेचं लिहायचं.
दर सोमवारी नव्या मुलींना मीच हे शिकवते.
किती सोपं वाटतं शिकवताना.

मग आठवलं : नग सात, आठ, नऊ
त्याच रॉकेटच्या बाकी तीन पायांत आहेत.
ते रॉकेट समुद्रकाठी उभं आहे, चौथ्यांदा निघायला.
पावणेसहा वाजता फोन लावला.
पलीकडच्यानं विचारलं, "किती दिवस थांबायचं?"
मी म्हटलं, पिना बदलेपर्यंत.
तो बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, "लेखी पाठवा."
लेखी पाठवलं. सही केली.
या वेळी 'श' सावकाश काढला.

आता तारीख उलटली की भट्टी पेटतच नाही.
तिला कुलूप बसवलंय,
माझ्या सहीनंही ते उघडत नाही.
अंबादास पहिल्या आठवड्यात त्याला शिव्या घालायचा,
आता येता-जाता हात लावून बघतो.

सगळे गेल्यावर मी पिन दोऱ्याला टांगली
आणि पेरानं वाजवली, अब्बांसारखी.
डोळे मिटून ऐकलं.

आवाज अगदी स्वच्छ आला.